आकाशाची ठेव

पहांटेचे पावणेपांच वाजले आहेत. नीरेच्या अंगानें गार वारा येत आहे, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची घरघर कारखान्याच्या रस्त्यावरून ऐकूं येत आहे, आणि आम्ही स्नान उरकून, संध्येस बसण्यापूर्वीं, घराच्या गच्चीवर एका फुग्याची वाट पाहात बसलों आहों. पासष्टी उलटलेल्या आणि उभा जन्म शाळेंत शब्दरूपावली घोकून घेण्यांत घालविलेल्या माणसास फुग्याचें वेड लागावें, हें ऐकून वाचकांस हंसूं येईल. आमच्या घरांतूनही प्रथम हंसूंच आलें. परंतु या वेडानें आम्हांस उतारवयांत एक जुनी चूक दाखवून दिली, व ती चूक आमच्या एकट्याची नसावी अशी शंका येते. म्हणून हा लेख.

पावसाचा अंदाज केवळ जमिनीवरील मोजमापांवरून करतां येत नाहीं, हें बहुतेकांस ठाऊक आहे. ढग जेथें बनतो तेथली, आणि त्याच्याही वरची हवा पाहावी लागते. त्यासाठीं जगांतील शेंकडों वेधशाळा रोज दोन वेळां रबराचा मोठा फुगा आकाशांत सोडतात. ग्रिनिचच्या घड्याळांतील मध्यरात्र व मध्यान्ह या त्या नेमलेल्या वेळा. आपल्याकडे त्या पहांटे साडेपांच व सायंकाळीं साडेपांच अशा येतात. मात्र फुग्यास वर जाण्यास अवधि लागतो, म्हणून तो थोडा आधींच सोडतात. साऱ्या पृथ्वीवर, देश, धर्म व राज्य यांचा भेद न मानतां, दिवसांतून दोनदां एकाच वेळीं होणारें हें कर्म पाहिलें म्हणजे आम्हांस सायंप्रातःसंध्येची आठवण होते.

हा फुगा मिनिटास सुमारें तीनशें मीटर वेगानें चढतो. सुटतांना तो पुरुषभर उंचीचा असतो. वरच्या विरळ हवेंत फुगत फुगत तीस किलोमीटरांच्या सुमारास तो एखाद्या लहानशा घराएवढा होतो आणि फुटतो. त्याच्याखालीं दोरीस एक पेटी टांगलेली असते. तिचें वजन शंभर ते अडीचशें ग्रॅम, म्हणजे हातांत घेतली तर वाटीभर पोह्यांइतकें. उष्णतामान, आर्द्रता व वायुभार मोजावे, आणि तें मोजमाप आपल्या ठावठिकाण्यासह क्षणोक्षणीं बिनतारी लहरींनीं खालीं कळवावें, एवढेंच तिचें काम. तिला रेडिओसाँड म्हणतात. फ्रान्सांत रोबेर ब्यूरो यांनीं 1929 सालीं आणि रशियांत पावेल मोल्चानोव यांनीं 1930 च्या जानेवारींत अशा पेट्या प्रथम उडविल्या. फुगा फुटल्यावर पेटी लहानशा हवाई छत्रीच्या आधारानें खालीं येते. आणि ती कोणाच्या शेतांत, कोणाच्या अंगणांत उतरेल हें वारा ठरवितो.

आम्हांस हा नाद नातवानें लाविला. तो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. हौशी बिनतारीची, ज्यास हॅम रेडिओ म्हणतात त्याची, सरकारी परीक्षा देऊन त्यानें परवाना मिळविला आहे. त्याच्या हांकेच्या नांवाची सुरुवात व्हीयू या अक्षरांनीं होते, कारण भारतांतील हौशी केंद्रांचीं नांवें सामान्यतः तशींच सुरू होतात. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीस घरीं आला तेव्हां त्यानें अंगठ्याएवढें एक यंत्र आणलें. तें मुळांत दूरदर्शनचीं चित्रें संगणकावर पाहण्यासाठीं बनविलेलें. 2012 च्या सुमारास परदेशांतील हौशी मंडळींनीं दाखवून दिलें कीं, त्याच यंत्रानें आकाशांतल्या नाना तऱ्हेच्या लहरी ऐकतां येतात. तेव्हांपासून हजारों रुपयांचें काम थोडक्यांत होऊं लागलें.

हवामानाच्या पेट्या 400 ते 406 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत बोलतात. त्या लहरीची लांबी साधारण 74 सेंटिमीटर. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे साडेअठरा सेंटिमीटरांची, तांब्याची तार उभी करावी व तिच्या बुडाशीं तशाच चार तारा पसरून बसवाव्या, कीं लहरी पकडण्याचें साधन तयार झालें. वितीहूनही आंखूड अशा या तारेनें शेंकडों किलोमीटरांवरची वार्ता येते, हें पाहून आम्ही थक्क झालों. घरांतून या प्रकरणीं एकच अट घालण्यांत आली: माघ-फाल्गुनांत गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतांना तारेकडे जाण्यासाठीं कोणीं त्यांवर पाय देऊं नये. आम्हीं ती अट पाळली आहे. नातवाच्या हातून एकदां दोन कुरडया चिरडल्या गेल्या. त्याचें प्रायश्चित्त त्यानें उरलेल्या कुरडया गच्चीवर बसून राखून घेतलें.

कानीं येतो तो आवाज कांहीं मधुर नसतो. रातकिडा अखंड किरकिर करीत राहावा तसा तो एकसुरी असतो. परंतु संगणकावरील आज्ञावली त्या किरकिरीचा पदच्छेद करते आणि पडद्यावर आंकडे उमटूं लागतात: उंची इतकी, अक्षांश-रेखांश इतके, उष्णतामान उणे साठ. पदच्छेद केल्याशिवाय संहितेचा अर्थ लागत नाहीं, हें आम्हीं मुलांस तीस वर्षें शिकविलें. त्याचें असें उदाहरण आकाशांतून ऐकूं येईल असें वाटलें नव्हतें.

येथें कोणी विचारील, कीं वेधशाळा ऐकत असतांना अकलूजच्या गच्चीवरील म्हाताऱ्यानें ऐकून विशेष काय साधतें? आम्हींही नातवास हेंच विचारलें. त्यानें पृथ्वीचा गोल काढून समजावून दिलें. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी तर वाटोळी. पेटी तीस किलोमीटर उंच असतां तिचा आवाज सहाशें किलोमीटरांपर्यंत पोंचूं शकतो. तीच एक किलोमीटरावर उतरली कीं शंभर-सवाशें किलोमीटरांपलीकडे तो जात नाहीं. शंभर मीटरांवर आली म्हणजे पस्तीस-चाळीस. आणि मध्यें घरें, झाडें, टेंकडी आली तर तेवढाही नाहीं. सारांश, पेटी उंचावर असतांना सारें जग तिला ऐकतें, पण तिचें शेवटचें वाक्य फक्त शेजाऱ्यास ऐकूं येतें. युरोपांत असे शेजारी गांवोगांवीं आहेत. ते आपापल्या नोंदी एका नकाशावर एकत्र करतात, आणि पेटी कोणत्या कुरणांत पडली हें कांहीं मिनिटांत कळतें. आपल्याकडे हे शेजारी फार थोडे. म्हणून अकलूजांत एक कान असणें अगदींच निरर्थक नाहीं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यास तर या बाबतींत विशेष महत्त्व आहे. हवामानाचा फुगा ज्यापुढें लेंकरूं वाटेल, असे थोरले फुगे हैदराबादेहून सुटतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें तेथें 1969 मध्यें फुग्यांचें कायमचें केंद्र स्थापिलें. हे फुगे रबराचे नसून अत्यंत पातळ पॉलिथिनच्या पापुद्र्याचे असतात. वर गेल्यावर त्यांचा व्यास पन्नास ते पंचाऐशीं मीटर होतो. म्हणजे अकलाईचें देऊळ त्यांत सहज मावावें. ते शास्त्रीय यंत्रें घेऊन तीस ते बेचाळीस किलोमीटरांपर्यंत चढतात, कांहीं तास तरंगतात, आणि मग यंत्रें मोठ्या रंगीत छत्रीनें खालीं उतरविलीं जातात. उड्डाणें आरंभण्यापूर्वीं संस्था वृत्तपत्रांतून एक निवेदन प्रसिद्ध करते. तींत म्हटलेलें असतें कीं, यंत्रें विशाखापट्टण–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादेपासून सुमारें दोनशें ते साडेतीनशें किलोमीटरांवर पडण्याचा संभव आहे. अकलूज हैदराबादेपासून सरळ रेषेनें पावणेचारशें किलोमीटरांच्या आसपास. आमचा तालुका त्या रेषेच्या अगदीं टोंकाशीं आहे.

रेषा पूर्वेकडे व पश्चिमेकडे अशी दुतर्फा कां, हाही प्रश्न मनोरंजक आहे. हिवाळ्यांत आपल्यावर नऊ ते बारा किलोमीटरांच्या थरांत वारा पश्चिमेकडून पूर्वेस, कधीं कधीं ताशीं शंभर किलोमीटर वेगानें वाहतो. त्याहून पुष्कळ वर, फुगा जेथें तरंगतो तेथें, वाऱ्याची दिशा ऋतूप्रमाणें व वर्षाप्रमाणें पालटते. विषुववृत्ताच्या पट्ट्यांतील उंच थरांत तर ती सुमारें अठ्ठावीस महिन्यांच्या फेऱ्यानें उलटसुलट होते. म्हणून एकच फुगा आधीं पूर्वेस जातो आणि वर पोंचल्यावर मागें वळून पश्चिमेस येतो. जमिनीवर आपण 'वारा पडला' म्हणतों, तेव्हां डोक्यावर असे दोन नद्यांसारखे प्रवाह परस्परविरुद्ध वाहात असतात.

या खटाटोपांतून निष्पन्न काय झालें? 1912 च्या ऑगस्टांत व्हिक्टर हेस हे माणसें नेणाऱ्या फुग्यांतून पांच किलोमीटरांवर गेले व वरून येणाऱ्या विश्वकिरणांचा त्यांना शोध लागला. त्याबद्दल त्यांस 1936 चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच किरणांच्या अभ्यासासाठीं डॉ. होमी भाभा यांनीं आपल्याकडे फुग्यांचें काम सुरू करविलें. हैदराबाद हें पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तास जवळ असल्यामुळें मंद किरण तेथें चुंबकत्वानें अडविले जातात व प्रखर तेवढे उतरतात. ही चाळणी निसर्गानेंच लावून ठेविली आहे.

महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशी एक हकीकतही या केंद्राशीं निगडित आहे. डॉ. जयंत नारळीकर (1938–2025) यांच्या पुढाकारानें 2001 च्या जानेवारींत, आणि पुन्हां 20 एप्रिल 2005 रोजीं, असा फुगा सोडून उंचावरच्या हवेचे नमुने आणण्यांत आले. इतक्या वर सूक्ष्म जीव असूं शकतात काय, हा प्रश्न होता. दुसऱ्या खेपेस 459 किलो वजनाचें यंत्र होतें. त्यांत निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्यें थंड ठेविल्या होत्या, व वीस ते एक्केचाळीस किलोमीटरांच्या दरम्यान त्या उघडून हवा कोंडून घेतली. हैदराबाद व पुणें येथील प्रयोगशाळांनीं त्या नमुन्यांची छाननी केली. बारा प्रकारचे जीवाणू व सहा प्रकारच्या बुरशी मिळाल्या. त्यांपैकीं तीन जीवाणू जगास अगदीं नवीन होते, असें 2009 मध्यें जाहीर झालें. एकास ज्योतिर्विद् हॉइल यांचें, एकास आर्यभटाचें व एकास इस्रो संस्थेचें नांव देण्यांत आलें. ते पृथ्वीवरूनच वर गेले कीं बाहेरून आले, याचा निकाल त्या प्रयोगानें लागला नाहीं, हें शास्त्रज्ञांनीं स्वतःच सांगितलें. पण वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, या साऱ्या ज्ञानाचा मार्ग शेवटीं छत्रीनें जमिनीवर उतरलेल्या एका पेटींतून गेला आहे. ती पेटी कोणी फोडली असती, तर काय उरलें असतें?

पूर्वीं तर सर्वच भिस्त यावर होती. पेटींत बिनतारी यंत्र नव्हतें तेव्हां, टपालाच्या तिकिटाएवढ्या धातूच्या पत्र्यावर एक सुई ओरखडे काढी. ते ओरखडे सूक्ष्मदर्शकाखालीं वाचावयाचे. पत्रा परत आला तर ज्ञान, न आला तर सर्व श्रम व्यर्थ. आग्रा येथें या कामाची वेधशाळा होती; 1928 पासून पुणें व हैदराबाद येथूनही असे फुगे सोडण्यांत आले. त्याच वर्षीं हवामान खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें होतें. अशा फुग्यांच्या नोंदींवरून डॉ. के. आर. रामनाथन यांनीं 1929 सालीं जगास दाखवून दिलें कीं, वातावरणाच्या त्या भागांतील सर्वांत थंड हवा ध्रुवावर नसून आपल्या उष्ण कटिबंधावर, सुमारें सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर आहे. तिचें उष्णतामान उणे ऐशीं अंशांच्याही खालीं जातें. हें तत्त्व आज पाठ्यपुस्तकांत सांपडतें. परंतु ज्या शेतकऱ्यांनीं व गुराख्यांनीं तीं यंत्रें बांधावरून उचलून जशींच्या तशीं पोंचविलीं, त्यांचीं नांवें कोणत्याही पुस्तकांत नाहींत. त्यांना त्या ओरखड्यांचा अर्थ कळत नव्हता. वस्तु आपली नव्हे, ती ज्याची त्यास गेली पाहिजे, एवढें त्यांना कळत होतें.

आतां आमची गोष्ट सांगतों. ती सांगतांना मान खालीं जाते.

सन 1994. मुंबईच्या बाँबस्फोटांस वर्ष होऊन गेलें होतें, आणि बेवारशी वस्तूस हात लावूं नका, अशा सूचना जेथें तेथें लागलेल्या होत्या. एके दिवशीं सकाळीं आमच्या आठवीच्या वर्गांतील एक मुलगा पांढरी पेटी घेऊन शाळेंत आला. पेटी त्याला त्यांच्या उसाच्या सरींत सांपडली होती. तिला दोरी होती, दोरीला फाटक्या रंगीत कापडाचा तुकडा होता, आणि एका बाजूस छापील कागद चिकटविलेला होता. मुलाचे डोळे नुसते लकाकत होते. चार मैल तो ती पेटी छातीशीं धरून चालत आला होता, कारण त्याच्या समजुतीप्रमाणें गुरुजींना सर्व कांहीं ठाऊक असतें.

आम्ही घाबरलों. मुलांस दूर केलें. "कुणी सांगितलं तुला हे उचलायला?" म्हणून त्याच्यावर ओरडलों. तो म्हणाला, "गुरुजी, ह्याच्यावर कायतरी लिवलंय, इंग्लिशमदी. वाचा की." आम्हांस इंग्रजी वाचतां येत होतें, मॅट्रिकला आम्हांस त्या विषयांत बरे गुण होते. परंतु आम्हीं वाचलें नाहीं. शिपायाकरवीं ती पेटी नीरेच्या डोहांत टाकून दिली, आणि त्या मुलास सर्वांदेखत उभें करून, भलत्या वस्तूंस हात लावण्याचे दुष्परिणाम या विषयावर प्रवचन दिलें.

भिणें ही चूक नव्हती. अनोळखी वस्तूपासून मुलांस दूर ठेवणें हें शिक्षकाचें कर्तव्यच होय. परंतु पोलिसठाणें हांकेच्या अंतरावर होतें. तेथें कळवितां आलें असतें. दोन पावलांवरून तो कागद वाचतां आला असता. आम्हीं तेवढेंही केलें नाहीं. ती हवामानाची पेटी होती कीं दुसऱ्या कशाची, तिची कोणी वाट पाहात होतें कीं नाहीं, हें आतां कधींही कळणार नाहीं. आणि पेटीहून मोठें नुकसान दुसरेंच झालें: त्या दिवसानंतर त्या मुलानें आम्हांस पुन्हां कांहींही आणून दाखविलें नाहीं.

नातवानें रेडिओसाँडचें चित्र प्रथम दाखविलें तेव्हां ती पांढरी पेटी आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. आपल्या स्मृतिकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरें स्थान निक्षेपास, म्हणजे ठेवीस, दिलेलें आहे. त्यांतही जी ठेव पेटींत बंद करून, आंत काय आहे हें न सांगतां, दुसऱ्याच्या हातीं सोंपविली जाते, तिला त्यांनीं उपनिधि असें वेगळें नांव दिलें. ती न उघडतां, जशी आली तशी, धन्यास परत करावी हा धर्म. हें प्रकरण आम्हीं कित्येकदां वाचलें होतें, विद्यार्थ्यांस समजावूनही दिलें होतें. आणि आकाशानें उपनिधि म्हणून एक पेटी खरोखरीच आमच्या हातीं ठेविली, तेव्हां आम्हीं ती नदींत बुडविली.

न वाचतां, न ओळखतां वागण्याचा दोष थोरामोठ्या राज्यांनाही चुकत नाहीं. हौशी मंडळी जगभर स्वतःचेही लहान फुगे सोडतात. त्यांस टांगलेलें यंत्र चार-दोन तोळ्यांचें असतें, आणि ते दहा-बारा किलोमीटरांवरून पृथ्वीप्रदक्षिणा करतात. 2023 च्या फेब्रुवारींत अमेरिकेवर एक मोठा चिनी फुगा दिसल्यावर तेथें फार खळबळ उडाली, आणि पुढील कांहीं दिवसांत आणखी तीन अनोळखी वस्तु लढाऊ विमानांनीं पाडल्या. त्यांपैकीं कॅनडांतील यूकॉन प्रदेशावर पाडलेली वस्तु इलिनॉयमधील छंदी मंडळींचा हरवलेला फुगा असावी, असा पुष्कळांचा तर्क आहे. अवशेष न मिळाल्यामुळें खात्री झाली नाहीं. तर्क खरा असल्यास, खेळण्याच्या दुकानांतील फुग्यावर लाखों डॉलरांचें अस्त्र खर्ची पडलें म्हणावयाचें. आमचें नीरेंतलें अस्त्र तेवढें महाग नव्हतें. बुद्धि मात्र त्याच जातीची.

गेल्या माघांतील गोष्ट. पहांटे मुंबई-पुण्याच्या अंगानें आलेली एक पेटी आम्ही ऐकत होतों. साडेसहाच्या सुमारास ती तीस किलोमीटरांवर पोंचली. मग उंचीचे आंकडे एकाएकीं उलटे धावूं लागले. फुगा फुटला होता. नातू पुण्याहून फोनवर होता. उतरतां उतरतां पेटी आमच्याकडेच येऊं लागली. पांच किलोमीटर, दोन, एक. वेळापूरच्या वाटेवर कोठेंतरी. चारशें मीटरांवर आवाज तुटला. शेवटचे अक्षांश-रेखांश आम्हीं कागदावर उतरून घेतले तेव्हां हात थरथरत होता.

त्याच बाजूस आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याची शेती आहे. आतां तो चव्वेचाळिशींतला गृहस्थ आहे. रस्त्यांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो, पण कामापुरतेंच बोलतो. आम्हीं त्याला फोन केला व काय हवें तें सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "येतो गुरुजी." पंधरा मिनिटांत त्याची मोटारसायकल दारांत उभी राहिली.

पेटी त्याच्या नव्हे, शेजारच्या शेतांत सांपडली. तेथें ऊसतोड चालू होती. मजुरांचीं पोरें गोळा झालीं होतीं. एक बाई त्यांना मागें ओढीत होती, आणि एक जण कोयता घेऊन, आंत काय आहे तें पाहण्यासाठीं पेटी फोडण्याच्या बेतांत होता. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच आमचा विद्यार्थी पुढें झाला. "थांबा," तो म्हणाला, "आधी ह्याच्यावर काय लिवलंय ते वाचू." आणि त्यानें, शाळा सुटून इतकीं वर्षें झालेल्या त्या माणसानें, मांडी घालून बसून, एकेक इंग्रजी अक्षर जुळवीत तो कागद मोठ्यानें वाचला. हें हवामान पाहण्याचें यंत्र आहे व तें निरुपद्रवी आहे, असा त्याचा मतलब. कोयता खालीं गेला. पोरें जवळ आलीं. मग त्याच मजुरानें विचारलें, "पाऊस कवा येनार ते सांगतं का हे?" त्यावर अर्धा तास त्या फडांत जी शाळा भरली, तशी आमच्या हयातींत भरली नव्हती.

परत येतांना तो म्हणाला, "गुरुजी, त्या पेटीवर बी असंच कायतरी असंल, नाही?"

आम्हीं म्हटलें, "असेल रे. मी वाचलं नाही. चूक माझी होती."

"जाऊ द्या, लई वर्षं झाली," असें म्हणून त्यानें गाडी सुरू केली. पण दुसऱ्या रविवारीं त्याची मुलगी आमच्या गच्चीवर आली. ती सातवींत आहे. तार पाहून झाल्यावर तिनें फ्रॉकच्या खिशांतून नीरेच्या पात्रांत सांपडलेली एक गारगोटी काढली, आणि ही अशी चकाकते कां, म्हणून विचारलें. आम्हीं चष्मा लावला, ती उजेडांत धरून नीट पाहिली, आणि जेवढें ठाऊक होतें तेवढें सांगितलें.

आतां चार उपयुक्त गोष्टी. हवामानाच्या लहान पेट्या बहुधा एकदांच वापरण्याच्या असतात. त्या सांपडल्यास वरील कागद वाचून त्याप्रमाणें वागावें, आणि आंत विद्युत्-घट असतो म्हणून त्या विस्तवांत टाकूं नयेत. हैदराबादेच्या थोरल्या फुग्यांची गोष्ट निराळी. त्यांचीं यंत्रें मौल्यवान असतात, कांहींत उच्च दाबाची वीजही असूं शकते. म्हणून उघडूं नयेत, हलवूं नयेत. त्यांवर पत्ता असतो. जवळच्या पोलिसठाण्यास, टपालकचेरीस किंवा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस कळवावें. कळविणारास योग्य बक्षीस व झालेला खर्च मिळतो, असें संस्थेच्या निवेदनांत असतें. छेडछाड झाल्यास आंतील नोंदी नष्ट होतात, हेंही तेथें स्पष्ट सांगितलेलें असतें. ज्या वस्तूवर कांहींच लिहिलेलें नाहीं व जिचा संशय येतो, तिच्यापासून दूर राहून पोलिसांस कळविणें हेंच योग्य. आणि ज्या घरांत बारा वर्षांवरील जिज्ञासु मुलगा किंवा मुलगी असेल, तेथें हौशी बिनतारीच्या परीक्षेचा अवश्य विचार करावा. ती केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातर्फें होते. परवाना काढून, नियम समजून घेऊन केलेला हा छंद भूगोल, पदार्थविज्ञान व शिस्त या तिन्ही गोष्टी एकदम शिकवितो.

यंदा उड्डाणांचें निवेदन वृत्तपत्रांत आलें कीं, आम्ही त्याचें सोपें मराठी करून देणार आहों, आणि आमचा विद्यार्थी तें वेळापूरच्या वाटेवरील गांवांत चावडीवर व दूधसंकलनाच्या जागीं लावणार आहे. जेथें वाचणारा नसेल तेथें तो स्वतः वाचून दाखविणार आहे. आकाश आपल्या दारांत ठेव ठेवून जातें, तेव्हां आपण कोण आहों हें तें विचारीत नाहीं. ती ओळखावी, सांभाळावी व ज्याची त्यास द्यावी. आणि एखादें मूल छातीशीं कांहीं धरून दारांत उभें राहिलें, तर त्यास ओरडण्यापूर्वीं, सुरक्षित अंतरावरून कां होईना, त्यावर काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें.